स्वमग्न माणसाची साक्ष : 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना

मूल्यमापनाचा अहवाल इंग्रजीत होता. अकरा पानं, शेवटच्या पानावर पुण्यातल्या मानसशास्त्रज्ञ बाईंची सही. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नाताळच्या सुटीत धुळ्याला गेले तेव्हा तो कपड्यांच्या घडीत ठेवून नेला. मम्मी पस्तीस वर्षं सिस्टर होती, त्यामुळे दवाखान्याच्या इंग्रजीला ती घाबरत नाही. चष्मा लावून तिनं पहिली दोन पानं वाचली आणि विचारलं, "आजीला काय सांगायचं? मराठीत काय म्हणतात याला?"

"स्वमग्नता."

ती थोडा वेळ गप्प बसली. "म्हणजे स्वतःतच बुडालेली?" ती म्हणाली. "तू तशी कुठे आहेस गं? स्वार्थी तर नाहीस."

मी तिला मेंदूची घडण, आवाज, उजेड, माणसांचे चेहरे वगैरे बरंच समजावलं. तिला ते पटलंही. पण तो शब्द घरात येऊन बसला तो बसलाच. पुढच्या रविवारी उपासनेत मार्काच्या आठव्या अध्यायावर उपदेश होता. शिष्य व्हायचं तर माणसानं आधी स्वतःला नाकारावं, मग वधस्तंभ उचलावा, असं जिथे येशू सांगतो तो भाग. पाळकसाहेब बोटं मोडत मोजत होते : स्वार्थ, स्वस्तुती, स्वेच्छा, स्वहित. कानात कापूस घालून मी चौथ्या बाकावर बसले होते. त्यांच्या यादीत मी मनातल्या मनात एक शब्द वाढवला. शेजारी बसलेल्या मम्मीनंही तो वाढवला असणार, कारण तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली.

हा लेख लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'बद्दल आहे. पण त्या पुस्तकापर्यंत मी या शब्दाच्या वाटेनं गेले, म्हणून आधी तो शब्द.

'ऑटिझम' हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यानं १९१०-११च्या सुमारास घडवला, तोही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून आत शिरलेला रुग्ण त्याला सांगायचा होता. पुढे १९४३मध्ये लिओ कॅनरनं अकरा मुलांवर निबंध लिहिला, १९४४मध्ये हान्स आस्पर्गरनं लिहिलं. हळूहळू त्या शब्दाचा आशय पार बदलला, पण पाटी जुनीच राहिली. मूळ ग्रीक 'आउतोस', म्हणजे 'तो स्वतः'. मार्काच्या आठव्या अध्यायात ज्या 'स्वतः'ला नाकारायचं आहे तो ग्रीक शब्द याच मुळातून आलेला आहे. म्हणजे माझ्या निदानाच्या नावात आणि मी ज्या आज्ञेखाली वाढले त्या आज्ञेत एकच मूळ आहे. इंग्रजी वाचकाला ही गोष्ट सहसा जाणवत नाही, कारण त्याच्या लेखी 'ऑटिझम' ही नुसती एक ध्वनींची जुळणी. मराठीनं शब्द फोडून अर्थ उघडा केला.

हिंदीनं तर आणखी पुढची मजल मारली. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याच्या हिंदी नावात शब्द आहे 'स्वपरायणता'. कीर्तनकारांच्या नावामागे ह.भ.प. वाचत वाढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला त्यातली गंमत कळेल. हरिभक्तपरायण एका बाजूला आणि स्वपरायण दुसऱ्या बाजूला. जी भक्ती देवाकडे जायची ती स्वतःकडे वळलेला माणूस, असं सरकारी कागदावर छापलेलं. कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. भाषांतर करणाऱ्यानं शब्दकोश उघडला, मूळ पाहिलं, तत्सम जोड लावला आणि जेवायला गेला. आमच्याकडे कोडमध्येही असंच होतं. घाईत दिलेलं नाव पुढे वीस वर्षं बदलता येत नाही, कारण तोवर त्यावर हजार गोष्टी टेकलेल्या असतात.

त्यातल्या 'मग्न'शी माझं भांडण नाही. तो उलट आमच्या घरातला शब्द आहे. संस्कृत 'मज्ज्' म्हणजे बुडणं, पाण्यात शिरणं, आणि ग्रीक 'बाप्तिझो'चा अर्थही तोच. खानदेशात पूर्वेला, म्हणजे जळगावच्या बाजूला, ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम होतं. पश्चिमेला, धुळे-नंदुरबारकडे, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचं. आमच्याकडे बाप्तिस्मा म्हणजे पाण्याखाली जाणं, डोक्यावर शिंपडणं नव्हे. मी सोळाव्या वर्षी तशी मग्न झालेली आहे. पाण्याखालचा तो सेकंद-दीड सेकंद, सगळे आवाज एकदम बंद, हा माझ्या धर्मजीवनातला सर्वांत स्वच्छ अनुभव. वर आल्यावर टाळ्या आणि डफ.

*

मंडळीत वाढलेल्या मुलाला एक साहित्यप्रकार फार लवकर येतो : साक्ष. तिचा आराखडा ठरलेला असतो. आधी मी अंधारात होतो, मग अमुक रात्री तमुक सभेत प्रभूनं मला स्पर्श केला, आता मी नवा आहे. मधला टप्पा सांगताना आवाज भरून येतो. येतोच. माझ्या पपांचा येतो, आत्याचा येतो, आणि तो खरा असतो याबद्दल मला कधी शंका आली नाही.

पंधराव्या वर्षी तरुण संघात माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि म्हणाले की माझ्यात कधी बदल झालेला मला आठवत नाही. मी सहा वर्षांची असल्यापासून रोज तीन अध्याय वाचते. मला 'गणना' आणि 'पहिला इतिहास' आवडतात, कारण त्यांत नावांच्या याद्या आहेत आणि कुणालाच वगळलेलं नाही. मग खाली बसले. शांतता. कुणीतरी हसलं. पुढारी असलेल्या दादांनी सावरून घेत प्रार्थना केली की प्रभूनं या बहिणीच्या अंतःकरणाला स्पर्श करावा. म्हणजे तो अजून झालेला नाही, असं ठरलं.

मला ते लागलं, पण त्याहून जास्त कोड्यात पाडलं. मी देवावर विश्वास ठेवते हे मला जसं माहीत आहे तसं रूळ कुठे जातात हे माहीत असतं. लहानपणी नंदुरबारच्या मावशीकडून जळगावला येताना मी स्टेशनं म्हणायचे : दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद, अमळनेर, धरणगाव, पाळधी, जळगाव. पुढचं स्टेशन येणार आहे हे कळायला रडू यावं लागत नाही. पण हे साक्षीच्या आराखड्यात बसत नाही, आणि जे आराखड्यात बसत नाही ते मंडळीच्या कानाला ऐकू येत नाही.

त्यानंतर अकरा वर्षांनी निदान झालं आणि मी ऑटिस्टिक लेखकांची आत्मकथनं वाचायला लागले. तिसऱ्या-चौथ्या पुस्तकात लक्षात आलं की हा आराखडा माझ्या ओळखीचा आहे. आधी मी अंधारात होते, मला वाटायचं मीच वाईट आहे. मग अमुक दिवशी डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला. आता सगळं आयुष्य नव्यानं उलगडलं. हीसुद्धा साक्ष. मधल्या टप्प्यावर इथेही रडायचं असतं. मी रडले नाही. क्लिनिकच्या खालच्या दुकानातून वहीच्या आकाराचं कॅलेंडर घेतलं आणि हिंजवडीला परत गेले.

श्रद्धा आणि ऑटिझम या दोन्हींवर इंग्रजीत आता बऱ्यापैकी लिहिलं जातं. ॲबर्डीन विद्यापीठातले नव्या कराराचे अभ्यासक ग्रँट मॅकास्किल यांचं 'ऑटिझम अँड द चर्च' (२०१९), इंडियानात इंग्रजी शिकवणारे कवी डॅनियल बोमन यांचं 'ऑन द स्पेक्ट्रम' (२०२१). दोन्ही मला उपयोगी पडली. बोमनचं अधिक, कारण तो आधी लेखक आहे आणि नंतर उदाहरण. तरी दोन्ही वाचताना एक अंतर राहतं. त्यांच्याकडे मंडळी सोडून शांतपणे दुसऱ्या मंडळीत जाता येतं. आमच्याकडे शहरात मोजकी ख्रिस्ती घरं; मंडळी म्हणजे लग्नं जुळवणारे, मयताला येणारे, दाखल्यासाठी सही देणारे लोक. तिथून बाहेर पडलं की कुठेच पोचत नाही. म्हणून माझा प्रश्न 'मला समजून घेणारी मंडळी कशी शोधू' असा कधी नव्हताच. आहे त्या माणसांना माझ्याबद्दल कोणत्या शब्दांत बोलता येईल, हा प्रश्न होता. आणि त्यासाठी मला मराठी पुस्तक हवं होतं.

*

'स्मृतिचित्रे' आजीच्या ट्रंकेत होतं. वर 'उपासना संगीत', खाली हे. 'उपासना संगीत'मुळे रेव्हरंड टिळक आमच्या घरात रोज असायचे. त्यांची गीतं मला अर्थ कळायच्या आधी पाठ होती. 'स्मृतिचित्रे' मी बारावीच्या सुटीत एकदा वाचलं होतं आणि हसून बाजूला ठेवलं होतं. निदानानंतर दुसऱ्यांदा वाचलं ते वेगळ्याच हेतूनं, आणि आता सांगायला लाज वाटते : मी एक एक्सेल शीट केलं. उभ्या रकान्यात माणसं, आडव्या ओळीत लक्षणं.

पहिलं नाव लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं, नाना गोखल्यांचं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांचं सोवळं येतं. घरात येणारी वस्तू धुवायची, धुतलेली पुन्हा धुवायची, कुणी शिवलं की सगळं पहिल्यापासून. सगळं घर त्या पाण्याभोवती फिरतं. दुसरं नाव टिळकांचं : न सांगता घरातून निघून जाणं, हातात पैसा न टिकणं, रागाचा भडका आणि त्यामागोमाग पश्चात्ताप, एखादी कल्पना डोक्यात शिरली की तहानभूक हरपणं. तिसरं नाव आमच्या खानदेशचं, त्र्यंबक बापूजी ठोमरे. जन्म धरणगाव, १८९०. काही काळ नगरला टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला, रुसला, फुगला, कविता केल्या. ख्रिस्ती घरात राहून हिंदूच राहिला, आणि त्यावरून त्या घराला काही अडलं नाही.

खूण, खूण, खूण. दोन रात्री हे चाललं होतं. तिसऱ्या रात्री नानांच्या ओळीत एक रकाना रिकामा राहिला म्हणून मी पुस्तकात पुरावा शोधायला गेले आणि माझ्या ध्यानात आलं की मी पुस्तक वाचतच नाहीये. मी त्यातून माणसं वेचून काढत होते, जशी आमच्या सभांमधून 'स्पर्श झालेली' माणसं वेचली जातात. मेलेल्यांचं निदान करणं सोपं असतं, ते उलट उत्तर देत नाहीत. नानांचं पाणी हे वेड होतं, भीती होती, शोक होता की नुसतं त्या काळचं ब्राह्मण्य होतं, हे दीडशे वर्षांनी हिंजवडीतून ठरवणारी मी कोण? शीट मी पुसून टाकलं नाही, पण त्यात पुढे काही भरलंही नाही.

मग तिसऱ्यांदा वाचलं आणि तेव्हा लक्ष्मीबाई काय करतात ते दिसायला लागलं. त्या विशेषणं जवळजवळ वापरतच नाहीत. माणूस कसा 'आहे' हे सांगण्यात त्यांना रस नाही. माणूस काय करतो, आणि त्यानं ते केल्यावर घरातल्या बाकीच्यांना काय करावं लागतं, एवढं त्या सांगतात. नाना धुतात, मग कुणीतरी पाणी भरतं, कुणीतरी उपाशी राहतं, कुणीतरी नजर चुकवून खातं. टिळक निघून जातात. मग ही दारात बसते, शेजारणीकडे उसनं मागते, पत्र आलं की ते कुणाकडून वाचून घ्यायचं याची पंचाईत. विक्षिप्तपणा त्या माणसाच्या आत ठेवत नाहीत, तो घरभर पसरलेला दाखवतात. म्हणून त्यात विनोद आहे आणि म्हणूनच त्यात दोषारोप नाही. नवऱ्याच्या रागाचा प्रसंग सांगताना त्या त्याला माफही करत नाहीत आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही उभं करत नाहीत. हिशेब मांडतात. भांडं गेलं, जेवण गेलं, रात्र गेली.

ऑटिझमवरच्या अकरा पानांच्या अहवालात नेमकं हेच नव्हतं. तिथे सगळं माझ्या आत होतं. 'स्वमग्न' या शब्दातही सगळं आतच आहे. ट्यूबलाइटची गुणगुण, स्पीकर भिंतीला लावणारा वाजंत्री, हात धरल्याशिवाय 'सलाम' पुरा झाला असं न मानणाऱ्या मावश्या, यांतलं कुणीही त्या शब्दात नाही.

श्रद्धेचंही लक्ष्मीबाई असंच सांगतात. टिळकांची गोष्ट साक्षीच्या आराखड्यात चपखल बसते : १८९३मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेला युरोपियन, त्यानं दिलेला नवा करार, डोंगरावरचं प्रवचन, फेब्रुवारी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. मंडळीत ती कितीदा ऐकली असेल! लक्ष्मीबाईंची मात्र कुणी सांगत नाही, कारण ती सांगायला अवघड आहे. काही वर्षं नवऱ्यापासून दूर, माहेरच्या माणसांत. मग परत, पण ख्रिस्ती वस्तीत राहून स्वतःची चूल वेगळी, पाणी वेगळं. मग पाण्याचा एक नियम सुटतो, मग अन्नाचा. एक दिवस विचार करता करता त्या या ठिकाणी येतात की जात ही माणसाची करणी आहे, आणि ठरवतात की आजपासून कुणाच्याही हातचं खायचं. बाप्तिस्मा १९००मध्ये, यानंतर. प्रकाशाचा झोत नाही. तांब्या, ताट, चूल. कपाळाला हात लावून केलेला विचार आणि त्याची त्याच दिवशी अंमलबजावणी. पंधराव्या वर्षी मला हे पुस्तक नीट वाचता आलं असतं तर तरुण संघात मी याद्यांबद्दल बोलले याची एवढी शरम वाटली नसती.

*

आता तक्रार. लक्ष्मीबाईंबद्दल नव्हे, त्या पुस्तकात जग जसं दिसतं त्याबद्दल.

माझ्या शीटमधली तिन्ही नावं पुरुषांची होती, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला. तिघांच्याही वागण्याला समाजानं एकेक प्रतिष्ठित पांघरूण दिलं होतं. नानांना धर्माचं : सोवळं. टिळकांना प्रतिभेचं. ठोमऱ्याला बालपणाचं. आणि तिन्ही पांघरुणांची टोकं धरून कुणीतरी बाई उभी आहे, म्हणून ती टिकतात. टिळकांच्या घरात ठोमरे रुसू शकतो, कारण त्याचं ताट वाढून ठेवणारी, त्याची समजूत काढणारी लक्ष्मीबाई तिथे आहे. तिनं रुसायचं ठरवलं असतं तर?

मुलीसाठी मराठीत पांघरूण नाही. लोकांकडे न बघता बोलणारा मुलगा 'हुशार, आपल्याच नादात' असतो. तशीच मुलगी 'शिष्ट'. लग्नाच्या परिचयपत्रात 'मनमिळाऊ' लिहावं लागतं. मी पपांना म्हटलं की हे खोटं आहे, दहावी वचन मोडतंय. (दहा आज्ञांतली नववी, खोट्या साक्षीची, मी चिडले की क्रमांक चुकतात, आणि माझा चुकलेला क्रमांक हा घरात मोठा विनोद झाला.) शेवटी आम्ही 'वाचनाची आवड' लिहिलं.

त्या पांघरुणाचीही किंमत असते, हे ठोमऱ्याच्या गोष्टीत दिसतं. १९०७मध्ये जळगावात कविसंमेलन भरलं. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं कविता म्हटली आणि 'बालकवी' ही पदवी मिळवली. कौतुकच होतं ते. पण पदवी चिकटली आणि माणूस वाढला तरी ती वाढली नाही. 'फुलराणी'चा कवी तो बालकवी, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक. 'पारवा' किंवा 'खेड्यातील रात्र' लिहिणारा काळोख बघितलेला तरुण पुरुष मात्र त्या नावात मावत नाही. मग समीक्षेत त्याच्या उदासीपणाची कारणं शोधली जातात, जणू बाळ रडतंय तर कुठे दुखतंय ते पाहावं. मोठ्या वयाच्या ऑटिस्टिक माणसाशी लोक जसं बोलतात ते मला या 'बाल'मध्ये ऐकू येतं. मी बँकेत मम्मीबरोबर गेले तर बाई प्रश्न मम्मीला विचारतात, आणि खातं माझं असतं.

५ मे १९१८ला भादलीजवळ रेल्वेखाली ठोमरे गेला, वय सत्तावीस. वहाण रुळात अडकली, ती काढायला थांबला, असं सांगतात. गोष्ट सांगणारा बहुतेक वेळा शेवटी म्हणतो : तंद्रीच तशी होती त्याची. अपघाताचा स्वभाव केला की पुढचं काही विचारावं लागत नाही. जळगावला इंजिनीअरिंगला असताना मी भुसावळच्या मैत्रिणीकडे जायचे तेव्हा भादली लागायचं. छोटं स्टेशन. पहिल्या वर्षी एकदा जळगावात फलाट बदलताना मालगाडीच्या हॉर्ननं मी कान दाबून जागच्या जागी उभी राहिले होते, हलताच येईना. एका हमाल काकांनी दंडाला धरून मागे ओढलं. ते काही बोलले नाहीत, मला बाकावर बसवलं आणि निघून गेले. ओढलं नसतं तर लोकांनी माझ्याबद्दलही 'तंद्री' म्हटलं असतं. ती तंद्री नव्हती. मी त्या फलाटावर इतरांपेक्षा जास्त हजर होते.

*

निदानानंतर एका मोठ्या सभेत कुणीतरी माझं नाव पुढे कळवलं. खानदेशाबाहेरची सभा, नाव घेत नाही. व्यासपीठावरून मला बोलावलं गेलं, डोक्यावर हात ठेवले गेले, आणि 'मुकेपणाच्या आत्म्याला' बाहेर निघायचा हुकूम झाला. मी बोलते. व्यवस्थित बोलते, आठवड्यातून दोनदा क्लायंटशी बोलते. पण त्या दिवशी दोन मोठ्या स्पीकरांच्या मध्ये उभी असताना मला खरोखर एक शब्द काढता आला नाही, आणि ते पाहून प्रार्थना आणखी मोठ्यानं झाली. नंतर मम्मी मला घेऊन मांडवाच्या मागे पाण्याच्या टँकरपाशी बसली. तिथे तिनं पहिल्यांदा विचारलं, "तुला हे असं रोज होतं का?" मी मान हलवली.

त्या रात्री लॉजवर मी मार्काचा सातवा अध्याय काढला, बहिऱ्या-तोतऱ्या माणसाचा. बरं करण्याच्या सभांमध्ये तो हमखास वाचतात. पण सभेत वाचताना एक तपशील नेहमी गिळला जातो. लोक त्या माणसाला येशूकडे आणतात आणि हात ठेव म्हणून विनवतात, म्हणजे सर्वांसमोर. येशू तसं करत नाही. तो त्याला गर्दीतून बाजूला, एकटं घेऊन जातो. मग त्याच्या कानांत बोटं घालतो. बोलण्याआधी खुणा, ज्याला ऐकू येत नाही त्याला कळेल अशा भाषेत आधी सांगतो की आता काय होणार आहे. आणि शेवटी तिथल्यांना बजावतो की हे कुणाला सांगू नका. साक्ष देऊ नका! लोक अर्थातच सांगत सुटतात.

लक्ष्मीबाईंना हा प्रसंग सांगायचा असता तर त्यांनी कसा सांगितला असता, याचा मी बराच विचार केला आहे. मला वाटतं, त्यांनी आधी गर्दीत कोण कोण होतं ते सांगितलं असतं, त्याला ओढत कुणी आणलं, त्याच्या घरी स्वयंपाकाचं काय झालं, आणि त्याला बाजूला नेल्यावर मागे उरलेल्यांची कशी चुळबुळ झाली. तो माणूस 'कसा' होता हे मात्र त्यांनी लिहिलं नसतं.

मम्मीला मी हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बोटं घातली म्हणजे आवाज बंद केला आधी." नर्सचं वाचन. मला ते कुठल्याच भाष्यात सापडलेलं नाही.

परतल्यावर ती पाळकसाहेबांकडे गेली. मी सोबत नव्हते, त्यामुळे काय बोलणं झालं ते माहीत नाही. त्यानंतर दर रविवारी आमच्या मंडळीत मागच्या दाराजवळ, कडुनिंबाच्या बाजूला एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली असते. तिथून स्पीकर भिंतीआड जातो. प्रभुभोजनाचा पेला तिथवर आणून देतात. पहिले काही रविवार लोक वळून बघायचे, आता एक-दोन म्हाताऱ्या उकडतं म्हणून तिथेच बसायला येतात आणि मला लवकर जाऊन जागा धरावी लागते.

आजीला शेवटी तो शब्द कुणी सांगितलाच नाही. नाताळात शेजारच्या मावशींनी तिला विचारलं की ही मागे का बसते, अंगात बरं नाही का. आजी भाकरी थापत होती. तिनं वर न बघता अहिराणीत सांगितलं, "ती तिना नादमा ऱ्हास." मावशी "हां" म्हणाल्या आणि खुर्ची ओढून चुलीपाशी बसल्या.